नाना पेठेतली होडी

पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट अस्सल पुणेकराने कधी मनाला लावून घेतलेली नाही. आपले गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे, तेव्हा भेटायचेच असेल तर समुद्राने घाट चढून यावे, असा त्याचा एकंदर पवित्रा असतो. तरीसुद्धा होड्यांचे आणि या गावाचे नाते आपण समजतो तितके दूरचे नाही. बंडगार्डनजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 सालचा आहे. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी 1928 पासून आपला रेगाटा भरवीत आले आहेत, आणि त्या संध्याकाळी काठावर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत वल्हे कोणत्या टोकाने धरतात हे ठाऊक नसलेली मंडळीच अधिक असतात. खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे झाले. 1955 साली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी त्या तलावाकाठी आली, आणि पुढे पीकॉक बे नावाच्या खाडीसारख्या भागात छात्रांच्या शिडांच्या होड्या दिसू लागल्या. रविवारी धरणापाशी मक्याचे कणीस खाता खाता नजर पलीकडे गेली आणि नशीब चांगले असले, तर पाण्यावर त्यांचे पांढरे त्रिकोण दिसतात.

अशा होडीचे शीड जवळून पाहिले, तर पुष्कळदा त्याच्या कापडात हातभर रुंदीचा एक पारदर्शक तुकडा शिवलेला आढळतो. शिडाने अर्धी दुनिया झाकून टाकली, तर पलीकडून येणारी दुसरी होडी चालवणाऱ्याला दिसायची कशी? म्हणून ही खिडकी. मोठ्या होडीत बसण्याच्या जागेपुढे लाटांचे तुषार अडवायला कापडी टप उभारतात. त्यालाही अशाच खिडक्या. आणि हीच खिडकी, याच मालाची, तुम्ही-आम्ही रोज पाहतो. रिक्षाच्या टपाला मागे असते ती. गाठ पडते ती तिच्याशी आपली. फक्त आपण तिच्यातून पाहत नाही, तिच्यावर चिकटवलेली देवाची नावे तेवढी वाचतो.

या दोन खिडक्यांची एकमेकींशी ओळख झाली ती मी नाना पेठेत पाहिली. तीच हकिकत सांगायची आहे.

आमच्या सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक कमांडर राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. चाल अजून डेकवरची. मुंबईच्या बंदरात त्यांची एक लहानशी शिडाची होडी आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा ते मुंबईला जातात आणि मांडव्यापर्यंत एक फेरी मारून येतात. बरोबर असते ती त्यांची अकरा वर्षांची नात. 2024 च्या एप्रिलमध्ये ही दोघे मांडव्याहून परतत होती. ऊन पश्चिमेकडून तिरपे आले, टपाच्या तिन्ही खिडक्यांवर पडले आणि तिन्ही खिडक्या दुधाने भरल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. समोर एक मच्छीमार होडी जाळे टाकून उभी होती. कमांडरांना ती दिसलीच नाही. नात कडेला वाकून बसली होती. ती ओरडली आणि सुकाणू वळले. दोन होड्यांमध्ये किती अंतर उरले होते ते कमांडर सांगत नाहीत. काकूंनी मात्र घरी आल्यावर एवढेच सांगितले, "त्या खिडक्या बदलल्याशिवाय पोरीला पाण्यावर न्यायचं नाही."

ज्यांनी तो टप विकला होता, त्यांना विचारता उत्तर आले की नुसत्या खिडक्या बदलून मिळत नाहीत, सबंध टपच नवा घ्यावा लागेल. आकडाही कळवला. तो ऐकून काकू म्हणाल्या की एवढ्यात एखादी जुनी रिक्षा येईल. आणि या एका वाक्यातून कमांडरांना वाट सापडली. मे महिन्याच्या अखेरीस होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर काढली गेली, टप पुण्याला आला, आणि एका सकाळी कमांडर माझ्या दाराशी उभे राहिले. "प्रोफेसर, तुम्हाला पेठा ठाऊक आहेत. चला."

लक्ष्मी रस्ता पूर्वेकडे चालत गेलात की साड्यांची आणि सोन्याची दुकाने विरळ होऊ लागतात, आणि नाना फडणिसांच्या नावाची पेठ लागते तसा रस्त्याचा वासच बदलतो. रेशमाच्या जागी रबर आणि ग्रीस. आरसे, हॉर्न, ब्रेकच्या तारा, सीटांचे फोम, आणि बाहेर दोरीला टांगलेली रेक्झिनची कातडी. शब्दांच्या मागे लागणाऱ्या माणसाला ही पेठ म्हणजे मेजवानी. 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडातल्या एका मालाचे व्यापारी नाव. ते मालासकट इथे आले आणि आडनाव विसरून घरचे झाले. 'रिक्षा' जपानी शब्दाचा शेवटचा तुकडा: माणूस, बळ आणि गाडी या तिहींतून पहिला माणूसच गळाला. आणि 'टारपॉलिन'ला तर आपल्या लोकांनी ताडाचे पान जोडून अशी काही 'ताडपत्री' केली आहे, की तो शब्द ज्ञानेश्वरांच्या काळापासून चालत आला असावा असे वाटते. रवळनाथाच्या पालखीला जावे तशा भक्तिभावाने मी पाट्या वाचत चाललो होतो. कमांडर मात्र सरळ नाकासमोर.

एका बोळाच्या तोंडाशी आम्हाला हवे ते दुकान सापडले. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर पायाने चालणारे जड शिलाईयंत्र, मागे तारेवर वाळत घातलेले टप. यंत्रावर बसलेल्या गृहस्थांना सारा बोळ चाचा म्हणतो; आम्हीही म्हणू लागलो. कमांडरांनी टप उलगडून ओट्यावर मांडला. चाचांनी आधी चष्मा पुसला, मग खिडकीवर नख वाजवले, कोपरा धरून हलकेच वाकवला. तो कडकड वाजला.

"मोतीबिंदू झालाय साहेब. औषध नाही याला, ऑपरेशनच."

कमांडर खळखळून हसले. त्यांच्या स्वतःच्या डाव्या डोळ्याचे त्याच वर्षी फेब्रुवारीत झाले होते.

"कुठली गाडी ही?" चाचांनी विचारले. होडी आहे म्हटल्यावर त्यांनी टप पुन्हा एकदा उलटापालटा करून पाहिला. पाइपांच्या कमानी, कापड, खिडकी, बटणे. "होडी काय नि रिक्षा काय," ते म्हणाले, "वारा पुढून लागतो, पाऊस पुढून लागतो. काम तेच." मग ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण आधी यांचं. आणि यांच्यामागे अजून बावीस टप आहेत. आठ-दहा दिवसांत पाऊस येईल. मागचं दिसत नसलेली रिक्षा घेऊन हे कसं पोट भरणार? तुमच्या होडीला दसऱ्यापर्यंत पाणी नाही."

दर्यावर्दी माणसाला वेळापत्रक असे दुसऱ्याने सांगितलेले खपत नाही. पण कमांडरांनी क्षणभर त्या रिक्षावाल्याकडे पाहिले. त्याच्या टपाची खिडकी मधोमध फाटली होती आणि ती त्याने चिकटपट्टीने जोडली होती; तिच्यातून दिसत होती ती चिकटपट्टीच. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मी थांबतो." आणि थांबतो म्हणजे घरी जाऊन थांबतो असे नव्हे, ते तिथेच एका फोमच्या गठ्ठ्यावर बसले आणि चाचांचे काम पाहू लागले. मीही बसलो. जून लागला, पाऊस आला, तरी आठवड्यातून एक सकाळ आम्ही त्या गठ्ठ्यावर काढू लागलो.

त्या सकाळींत जे शिकलो ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. आपण ज्याला काच म्हणतो ते प्लॅस्टिक, पीव्हीसी. आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की हा पदार्थ मुळात नळाच्या पाइपाइतका कडक असतो. त्यात तेलासारखी द्रव्ये मुरवली की तो मऊ होतो. 1926 साली अमेरिकेत वॉल्डो सेमन याने ही युक्ती शोधून काढली. पण मुरवलेले ते द्रव्य कायमचे आत राहत नाही. उन्हाने, उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडते, आणि काच कडक होऊन तडकू लागते. शिवाय उन्हातले अतिनील किरण तिच्या रेणूंतून क्लोरीन आणि हायड्रोजन हुसकून लावतात, त्यामुळे ती पिवळी पडते. थोडक्यात, ज्या दिवशी खिडकी उन्हात येते त्या दिवसापासून तिचे म्हातारपण सुरू होते. आपल्या हातात एवढेच की ते लवकर येऊ द्यायचे नाही.

ते कसे, याविषयी चाचांचे आणि कमांडरांचे बोलणे मी ऐकत असे. एकाचा शत्रू धूळ, दुसऱ्याचा मीठ. पण दोघांचा नियम एकच निघाला. कोरड्या फडक्याने पुसायचे नाही. धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि समुद्राचे पाणी वाळले की मिठाचे खडे उरतात. कोरडे फडके फिरवले की तुम्ही खिडकीला पॉलिश पेपर मारता. आधी भरपूर गोडे पाणी ओतायचे, घाण आपली आपण वाहून जाऊ द्यायची, मग साध्या साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड, तेही जुन्या धोतराचे असल्यास उत्तम, पुन्हा पाणी. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचा थेंबही नको. आरशासाठी बाटलीत मिळते ते निळे पाणीसुद्धा नको, कारण काचेला चालते ते हिला चालत नाही. घडी कधी घालायची नाही. घडीची रेघ मग जन्मभर राहते. मध्ये मऊ कापड ठेवून सतरंजीसारखी सैल गुंडाळी करायची. आणि ओली असताना तर गुंडाळायचीच नाही. ओल कोंडली की खिडकीवर पांढरट साय येते. पण ही साय मोतीबिंदूची नव्हे. बरेचदा उघड्या हवेवर वाळू दिली की जाते. "तिला घाबरून लोक इथं येतात," चाचा म्हणाले. "मी त्यांना म्हणतो, चार दिवस थांबा. पैसे वाचतील."

एक गोष्ट मात्र कमांडरांना नवी होती. त्यांच्या खिडक्यांवर दोन आडवे तपकिरी पट्टे उमटले होते. चाचांनी ते कमानीच्या पाइपावर धरून दाखवले. "लोखंड तापतं, काच त्याला टेकते, तिथंच भाजते. रिक्षात आम्ही मध्ये कापडाची पट्टी घालतो." चाळीस वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाने खिशातून वही काढून ते लिहून घेतले.

25 जुलै 2024 चा दिवस पुणेकर विसरणार नाहीत. रात्रभर कोसळलेला पाऊस, खडकवासल्यातून सोडलेले पाणी आणि सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत शिरलेली मुठा. लोकांना बाहेर काढायला रस्त्यावर होड्या आणाव्या लागल्या. वडीलधाऱ्यांना 12 जुलै 1961 ची, पानशेतची आठवण झाली. समुद्र घाट चढून आला नाही खरा, पण पाण्याला पुण्याचा पत्ता ठाऊक आहे, हे पुन्हा एकदा दिसले.

पुढच्या आठवड्यात चाचांच्या बोळात गाळाने माखलेल्या रिक्षांची रांग लागली. इंजिनांचे जे झाले ते झाले. खिडक्या मात्र बहुतेकांच्या धडधाकट होत्या. फक्त वर चिखल वाळला होता. ज्यांनी घाईने तो हाताने खरवडला, त्यांच्या खिडक्या गेल्या. चाचांनी ओट्यावर पाण्याचे पिंप आणून ठेवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच हुकूम: "हात लावू नका. पाणी ओता." कमांडर उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि तांब्याने पाणी ओतू लागले. ज्यांची रिक्षा पाच-सहा दिवस बंद, त्यांच्या घरची चूलही त्या दिवसांपुरती अर्धीच. त्या दिवशी नुसत्या पाण्याने किती टप वाचले ते मी मोजले नाही. चाचांनी त्यांतल्या एकाकडूनही पैसे घेतले नाहीत. शिवलेच नाही तर कशाचे घ्यायचे, असा त्यांचा हिशेब.

गणपती 17 सप्टेंबरला विसर्जनाला गेले. लक्ष्मी रस्त्यावरचे मांडव उतरले आणि होडीची पाळी आली.

माझी समजूत होती की आधी जुनी खिडकी कापून काढायची आणि मग त्या भोकात नवी बसवायची. चाचांनी कात्रीला हातच लावला नाही. "आधी कापली की कापड पसरलं, माप गेलं," ते म्हणाले. नवी काच त्यांनी बोहरी आळीतून आणवली होती, पाऊण मिलिमीटर जाडीची. अर्धा मिलिमीटर वाऱ्याने फडफडून लवकर थकते; एक मिलिमीटर गुंडाळताना त्रास देते. गुंडाळी सोडून त्यांनी ती तासभर उन्हाच्या उबेला सपाट पसरून ठेवली, कारण थंड, आखडलेली काच शिवली की पुढे उन्हात सैल पडून लोंबते. मग जुन्या खिडकीवरच नवी ठेवली, चारी कोपरे कात्रीने गोल केले. चौकोनी कोपऱ्याशी सारा ताण गोळा होतो आणि फाटायची सुरुवात तिथूनच होते.

यंत्राचा पाय प्लॅस्टिकला चिकटतो, म्हणून वर पतंगाच्या कागदाची पट्टी. शिवून झाल्यावर ती ओढून फाडायची. दोरा पॉलिएस्टरचा, सुती कुजतो आणि नायलॉन उन्हाने खचतो. टाके लांब. मला वाटे, टाके जितके जवळ तितकी शिवण घट्ट. चाचा म्हणाले, "पोस्टाचं तिकीट बघितलंय ना? भोकं जवळ-जवळ का असतात? फाडायला सोपं जावं म्हणून." भोवती दोन शिवणी घालून झाल्यावर त्यांनी टप उलटा केला आणि मगच आतून जुनी खिडकी, नव्या काचेला धक्का न लावता, बोटांनी अंदाज घेत घेत कापून काढली. तिन्ही खिडक्यांना मिळून सबंध दिवस लागला. पाइपाजवळ कापडाच्या पट्ट्या त्यांनी न सांगता लावल्या होत्या.

मध्येच एकदा मी विचारले, हे काम शिकायला कोणी येते का? चाचांचा मुलगा मोटारींच्या सीटकव्हरांच्या दुकानात आहे. तिथे साचे तयार येतात, नुसते चढवायचे. "त्याला हे येतं," चाचा म्हणाले, "पण बसवत नाही. बोळात वारा नाही, पंखा लावला की धूळ." तक्रारीचा सूर नव्हता. दोरा ओवण्यासाठी मात्र त्यांनी सुई माझ्याकडे दिली. दिवस मावळत आला होता, आणि तेवढ्यासाठी त्यांना हल्ली कोणाची तरी नजर लागते. कमांडरांनी विचारले, डॉक्टरांना दाखवलेत का? चाचा म्हणाले, सीझन संपला की. कमांडर काही बोलले नाहीत. पण त्यांनी आपल्या वहीतले एक पान फाडले, त्यावर स्वतःच्या डॉक्टरांचे नाव-पत्ता लिहिला, आणि मजुरीच्या नोटांबरोबर ते यंत्राच्या खणात ठेवले. "पाऊस संपलाय," ते म्हणाले. "आता तुमचा नंबर. मीच घेऊन जाईन."

नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर, मी त्या होडीत बसलो. देशावरच्या माणसाला समुद्र जसा वाटावा तसाच वाटला. पोटाची हकिकत इथे नको. परतताना ऊन पश्चिमेकडून तसेच तिरपे आले. नात टपामागे सुकाणूपाशी उभी होती. कमांडर हाताची घडी घालून शेजारी. नव्या खिडकीतून बंदरातली सगळी गलबते, लाँचा, दूरचे एक मचव्याचे शीड आणि जाळ्याचे तरंगते डबेसुद्धा लख्ख दिसत होते. "उजवीकडे होडी," ती म्हणाली, आणि आजोबांनी काही सांगायच्या आत तिने सुकाणू वळवले. मांडव्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याचे कळल्यावर काकूंनी डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

डिसेंबरात चाचांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पंधरा दिवस ओटा बंद होता. उघडल्यावर मी सहज डोकावलो. मागच्या भिंतीवर खिळ्यांना काढून टाकलेल्या जुन्या, पिवळ्या खिडक्या ओळीने टांगलेल्या होत्या. नवी कापताना त्यांचाच फर्मा होतो. प्रत्येकीवर खडूने गाडीचे मॉडेल लिहिलेले. शेवटच्या खिळ्यावर तीन खिडक्या होत्या, इतरांपेक्षा रुंद, त्यांवर दोन तपकिरी पट्टे. खाली चाचांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'होडी. मुंबई. पाऊण एमएम.' दोन रिक्षावाले रांगेत उभे होते. चाचा दोरा स्वतःच ओवीत होते.